न्यूटनचा जन्म २५ डिसेंबरचा की ४ जानेवारीचा?

दोन्ही तारखा बरोबर आहेत, दिवस एकच आहे. न्यूटन जन्मला तेव्हा इंग्लंडमध्ये जुनी ज्युलियन दिनदर्शिका चालू होती. तिच्याप्रमाणे २५ डिसेंबर १६४२. इटली, स्पेनमध्ये १५८२ पासूनच नवी ग्रेगोरियन दिनदर्शिका (आज आपण वापरतो ती) लागू होती आणि ती १० दिवस पुढे होती, म्हणून तिथे ४ जानेवारी १६४३.

म्हणूनच 'गॅलिलिओ गेला त्याच वर्षी न्यूटन जन्मला' हे दिनविशेषातलं लाडकं वाक्य टिकत नाही. गॅलिलिओचा मृत्यू ८ जानेवारी १६४२ हा ग्रेगोरियन आहे. दोघांना एकाच दिनदर्शिकेत बसवलं की वर्षं वेगळी पडतात.

मृत्यूची तारीख तर तीन प्रकारे सापडते: २० मार्च १७२६, २० मार्च १७२७ आणि ३१ मार्च १७२७. तेव्हा इंग्लंडचं कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, त्यामुळे २० मार्च अजून जुन्या वर्षातच मोजला गेला. शिवाय फरक आता १० नव्हे, ११ दिवसांचा होता, कारण १७०० हे ज्युलियनमध्ये लीप वर्ष होतं, ग्रेगोरियनमध्ये नव्हतं. सरसकट १० मिळवणारे नेमके इथेच चुकतात.

इंग्लंडने १७५२ मध्ये बदल केला: २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर. रशिया १९१८ पर्यंत थांबला, तोवर फरक १३ दिवसांवर गेला होता. म्हणून तिथली 'ऑक्टोबर क्रांती' ७ नोव्हेंबरला येते.

दिनविशेष लिहिताना आधी देश बघा, मग वर्ष, आणि तारखेपुढे 'जुनी' की 'नवी' हे नक्की लिहा.