लायसन्स की बनवताय? आधी हे बघा

लायसन्स की म्हणजे प्रोग्रॅम विकत घेणाऱ्याला तो चालू करायला दिलेला कोड. ही की तपासायचं सूत्र प्रोग्रॅममध्येच ठेवलंत तर कोणीतरी ते उलगडून खोट्या की पाडणारच. त्यापेक्षा डिजिटल सही वापरा, म्हणजे की तुम्हीच दिलीय हे सिद्ध करणारी गणिती खूण. सही करणारी खाजगी किल्ली तुमच्या सर्व्हरच्या बाहेर पडू देऊ नका, प्रोग्रॅममध्ये फक्त सही पडताळणारी सार्वजनिक किल्ली द्या. तरीही प्रोग्रॅम फोडणारे निघतीलच, त्यांच्यापायी रात्री जागवू नका.

जपायचं ते पैसे मोजणाऱ्याला. मी लायसन्स एकदा नेटवर्क कार्डाच्या मॅक अ‍ॅड्रेसला, म्हणजे त्या कार्डाच्या ओळख क्रमांकाला, बांधलं होतं. ग्राहकाने कार्ड बदललं आणि ऐन कामात प्रोग्रॅम बंद! त्याचा तो हताश फोन अजून आठवतो. म्हणून ग्राहकाला अचानक अडवू नका: लायसन्स तपासणारा सर्व्हर गाठता आला नाही तरी काही दिवस प्रोग्रॅम चालू द्याच. जुन्या मशीनवरचं अ‍ॅक्टिव्हेशन (तिथे लायसन्स चालू केल्याची नोंद) ग्राहकाला स्वतः काढता आलं पाहिजे.

आणि हो, हाताने टाइप करायच्या कीमध्ये शून्य आणि ओ, एक आणि आय एकत्र नकोत.