पावसात किनाऱ्याने निघण्याआधी
पहिल्यांदाच निघतोयस, तर आधी भरतीच्या वेळा बघ. मुसळधार पाऊस आणि भरती एकत्र आली की खाडीलगतचा सखल रस्ता बघता बघता बुडतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास जास्तच. अशा वेळी ओहोटीची वाट बघ. वाहतं पाणी ३० सेंटिमीटर असलं तरी छोटी गाडी उचलतं, आणि गढूळ पाण्याखाली रस्ता खचलाय का, हे दिसत नाही. मी तर कडेची पांढरी पट्टी दिसेनाशी झाली की मागे फिरतो.

टायरच्या खाचा ३ मिलिमीटरपेक्षा कमी असतील तर टायर आधीच बदल. नकाशे मोबाइलमध्ये उतरवून घे, टाकी अर्धी झाली की लगेच इंधन भर. परतल्यावर गाडी खालूनही गोड्या पाण्याने धू, खाऱ्या हवेने पत्रा गंजतो.