पत्ता भरा, पण वर्गणी लिहा

बडोद्याहून एका वाचकांनी विचारले आहे : ‘आमच्या मंडळाच्या सभासद-नोंदणीचा ऑनलाइन फॉर्म मराठीत केला. जो रकाना भरल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नाही, त्याला अनिवार्य म्हणावे, आवश्यक की सक्तीचा? आणि तो रिकामा राहिला तर सूचना कशी लिहावी? सध्या ती कोणाला इंग्रजीत दिसते, कोणाला गुजरातीत.’

बडोद्यात या तिघांच्या जोडीला ‘फरजियात’ही आहेच. गुजराती फॉर्मवर रोज दिसणारा हा शब्द दांडिया बाजारातल्या मराठी घरांतही बोलताना सहज येतो. बोलण्यात येऊ द्या, मराठी फॉर्मवर मात्र नको. ‘सक्तीचा’ तर बडोदेकरांनी जपूनच वापरावा. सयाजीराव महाराजांनी 1893 मध्ये अमरेली भागात आणि 1906 मध्ये सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, त्या सक्तीमागे कायदा होता, मूल शाळेत न धाडणाऱ्याला दंड होता. ईमेलच्या रकान्यामागे एवढे बळ कशाला? ‘बंधनकारक’चेही तेच. ‘अनिवार्य’ चुकीचा नाही, पण परीक्षेच्या पेपरातला वाटतो. माझे मत ‘आवश्यक’ला, कारण त्याच्या शेजारी ‘ऐच्छिक’ नीट शोभतो. बहुतेक रकाने आवश्यकच असतील तर उरलेल्या दोन-तीनांपुढे फक्त ‘ऐच्छिक’ लिहा, काम भागते. ‘तारांकित रकाने भरावेत’ ही ओळही मग लागत नाही. (तारांकित म्हटले की मला विधानसभेतले प्रश्नच आठवतात.)

खरी मेख सूचनेच्या वाक्यात आहे. फॉर्म बनवणारा बहुधा एकच साचा ठेवतो आणि रकान्याचे नाव त्यात आपोआप बसते. वेबसाइट बांधण्याच्या लारावेलसारख्या फ्रेमवर्कमध्ये ही सोय तयारच मिळते. इंग्रजीत ते खपते. मराठीत ‘कृपया तुमचे ____ भरा’ असा साचा केला की ‘तुमचे नाव भरा’ छान वाटते आणि पुढच्याच रकान्यात ‘तुमचे पत्ता भरा’, ‘तुमचे जन्मतारीख भरा’ असे निघते. ‘____चा रकाना रिकामा आहे’ केले तर सामान्यरूप आडवे येते : हवे ‘पत्त्याचा’ आणि ‘जन्मतारखेचा’, मिळते ‘पत्ताचा’ आणि ‘जन्मतारीखचा’. ‘____ राहिले’ हा साचा बोलीला जवळचा, पण पत्ता राहिला, तारीख राहिली, नाव राहिले. क्रियापद प्रत्येक वेळी बदलणार. ‘____ आवश्यक आहे’ यात लिंगाचा प्रश्न मिटतो, वचनाचा नाही. ‘कागदपत्रे आवश्यक आहे’ वाचून कोणीही दचकेल.

आज्ञार्थात यातले काहीच अडत नाही. पत्ता लिहा, जन्मतारीख लिहा, नाव लिहा, कागदपत्रे जोडा. नाम मूळ रूपात राहते आणि क्रियापदाला त्याच्या लिंगवचनाशी देणेघेणे नसते. म्हणून साचा करायचाच तर आज्ञार्थाचा करा.

मात्र सगळीकडे एकच ‘भरा’ नको. फॉर्म भरतात, रकाना भरतात, तसे पैसेही भरतात! वर्गणीच्या रकान्याखाली ‘वर्गणी भरा’ असे लाल अक्षरांत उमटले, तर ज्याने कालच पैसे दिले तो सभासद थेट खजिनदाराला फोन लावील. तिथे ‘वर्गणीची रक्कम लिहा’ हवे. टाइप करायचे तिथे लिहा, यादी असेल तिथे निवडा, फोटोसाठी जोडा. नियमांपुढच्या चौकोनाला ‘नियम मान्य असल्यास खूण करा’.

‘कृपया’ वगळा. ‘लिहा’ हे रूप मुळातच आदराचे आहे. आठ रकान्यांपुढे आठ वेळा ‘कृपया’ आले की ते कार्यालयीन परिपत्रकासारखे दिसते.

आता गुजराती-इंग्रजीचे. रकान्याला कोडमध्ये ‘रिक्वायर्ड’ (म्हणजे भरणे आवश्यक) लावल्यावर उमटणारी सूचना तुमच्या पानाची नसते, ब्राउझरची असते, आणि ब्राउझर ज्या भाषेत लावलेला आहे त्या भाषेत ती येते. पानाची भाषा मराठी असे कोडमध्ये लिहून ती बदलत नाही. स्वतःचे वाक्य ‘सेटकस्टमव्हॅलिडिटी’ या जावास्क्रिप्टमधल्या आज्ञेने द्यावे लागते. त्यातली ग्यानबाची मेख अशी, की एकदा दिलेले वाक्य पुसेपर्यंत ब्राउझर तो रकाना चुकीचाच धरतो. सभासदाने पत्ता लिहिला तरी फॉर्म जाणार नाही. म्हणून तो टाइप करू लागताच तिथे रिकामी स्ट्रिंग, म्हणजे एकही अक्षर नसलेले वाक्य, द्या. शिवाय ‘व्हॅल्यूमिसिंग’, म्हणजे रकाना खरोखर रिकामा आहे का, हे तपासूनच वाक्य द्या, नाहीतर ईमेल लिहिला पण ‘ॲट’चे चिन्ह राहिले, तरी ‘ईमेल लिहा’ असेच ऐकावे लागेल. तिथे ‘ईमेल पत्ता तपासून पाहा’ हवे.

ब्राउझरच्या सूचनेचा फुगा रकान्यालाच चिकटून येतो, तेव्हा त्यात नुसते ‘पत्ता लिहा’ पुरे. पण ‘नोव्हॅलिडेट’ लावून, म्हणजे ब्राउझरची तपासणी बंद करून, सगळ्या सूचना फॉर्मच्या माथ्यावर एकत्र दाखवणार असाल, तर ‘पाल्याचे आडनाव लिहा’ असे पूर्ण नाव घ्या, कारण तिथे कोणते आडनाव ते कळायला दुसरा मार्ग नाही.

काहीजण आडनावाच्या जागी नुसता स्पेस देऊन पुढे जातात. ‘रिक्वायर्ड’च्या लेखी तो रकाना भरलेला असतो, तेव्हा मागची-पुढची मोकळी जागा छाटून स्वतः तपासा. सूचना तीच ठेवा : ‘आडनाव लिहा’.