टेंडर प्रिंट काढून वाचू की स्क्रीनवरच?

प्रश्न: ताई नमस्कार, मी नाशिकला एका कॉन्ट्रॅक्टरच्या ऑफिसात आहे, टेंडर वाचून अटींची यादी काढायची हे माझं काम. दीडशे-दोनशे पानांची पीडीएफ असते, मी प्रिंट काढून पेनने खुणा करते तर साहेब म्हणतात कागद किती घालवतेस, स्क्रीनवरच कर. पण स्क्रीनवर मी नुसतं पिवळं करत सुटते, डोक्यात काहीच राहत नाही. माझंच चुकतंय का?

उत्तर: तुमचं एकटीचं नाही हो. 2018 साली 54 अभ्यासांचा एकत्र आढावा छापून आला होता, 1,70,000 च्या वर वाचक होते त्यात, आणि निघालं काय तर मजकूर माहितीचा असला आणि वेळेची घाई असली की कागदावर वाचणाऱ्याला जरा जास्त समजतं. गोष्टीबिष्टी वाचताना असा फरक दिसला नाही. आता टेंडर म्हणजे माहितीही आणि घाईही, त्यामुळे साहेबांना हे दाखवा.

पण तेही अगदीच चूक नाहीत. मी नोकरीत होते तेव्हा प्रिंटवर अनामत रकमेभोवती लाल पेनने मस्त गोल केला होता, प्री-बिड मीटिंगनंतर (टेंडर भरण्याआधी शंका विचारायची बैठक) शुद्धिपत्रक निघालं, रक्कम बदलली, माझा गोल जुन्याच आकड्याभोवती बसलेला आणि डीडी निघाला तोही जुन्या रकमेचाच! तेव्हापासून प्रिंटच्या पहिल्या पानावर डाउनलोडची तारीख टाकते आणि शुद्धिपत्रक आलं की आधी ती जुनी ओळ खोडते, मग चहा.

सगळं छापूच नका ना. पात्रता, पेमेंट, दंड आणि मुदतीच्या अटी एवढीच पानं काढा, बीओक्यू, म्हणजे कामांची, परिमाणांची आणि दरांची यादी, तर बहुधा एक्सेलमध्येच भरायची असते. स्क्रीनवर करायचं झालं तर नुसता पिवळा रंग नको, त्यालाच कमेंट जोडा, "टर्नओव्हर 3 वर्षांचा, सीएचं सर्टिफिकेट लागेल" असं काहीतरी, म्हणजे शेवटी कमेंटच्या पॅनेलमध्ये तुमची यादी आयतीच तयार. आणि हो, त्या कमेंट फाइलसोबतच जातात बरं का, "हा रेट परवडत नाही" असं लिहिलेली कॉपी सही करून अपलोड झाली तर काय होईल विचार करा, म्हणून अपलोडला कोरी कॉपी वेगळीच ठेवा.

मराठी टेंडर असेल तर आधी "अनामत" शब्द सर्च करून बघा. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली किंवा नुसती स्कॅन केलेली फाइल असली तर शब्द समोर दिसत असूनही सापडत नाही, तिथे सरळ प्रिंट काढायची, वाद नको. फक्त प्रिंटरला दोन्ही बाजूंनी छापायचं सेटिंग लावून टाका, साहेबांचा निम्मा राग तिथेच जाईल.