पट्टीच्या फाइलीला व्याकरण कशाला?

प्रश्न : मार्केट यार्डात आमचं गुळाचं अडत दुकान आहे. हिशेबाचा प्रोग्राम दिवसभरातल्या सगळ्या शेतकरी-पट्ट्या (शेतकऱ्याच्या मालाचं वजन, कपात, निव्वळ रक्कम यांची बिलं) एका टेक्स्ट फाइलीत काढून देतो. दोन रकान्यांमध्ये उभी रेघ असते. वर्षाचा तक्ता करायला मी पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकुरातला ठरावीक नमुना शोधणारी सूत्रं) लिहिली. पण पट्टी दुसऱ्या पानावर गेली की गोंधळ उडतो, आणि ‘पाटील’चे ‘प’, ‘ट’, ‘ल’ असे तुकडे पडतात. मित्र म्हणतो, फाइलीच्या रचनेचे नियम म्हणजे व्याकरण लिही, आणि त्या नियमांनी फाइल वाचणारा पार्सर वापर. एवढ्याशा कामाला तो खटाटोप करावा का?
— एक वाचक, शाहूपुरी, कोल्हापूर

उत्तर : करा. मित्र बहुतेक म्हणाला असेल की एकात एक कंस आले की रेग्युलर एक्स्प्रेशन हात टेकते. खरं आहे, पण तुमच्या पट्टीत तसलं काही नाही. तुमचं दुखणं वेगळं आहे : न जुळलेली ओळ तुमचा कोड गुपचूप सोडून देतो. ती ओळ गुळाच्या चाळीस रव्यांची (ढेपांची) असली तर कुणाचे तरी पैसे तक्त्यातून गेले. व्याकरण लिहिलं की न बसणाऱ्या ओळीवर पार्सर थांबतो आणि ओळ-रकाना सांगतो. मला त्याचं एवढंच कौतुक आहे.

‘पाटील’चं आधी निस्तरू. पायथॉनच्या रेग्युलर एक्स्प्रेशनच्या नेहमीच्या ‘री’ मॉड्यूलमध्ये ‘बॅकस्लॅश डब्ल्यू’ला, म्हणजे ‘कोणतंही अक्षर’ या खुणेला, काना, वेलांटी ही अक्षरं वाटतच नाहीत, म्हणून नाव तिथे तुटतं. त्याच्या नादी लागू नका. ‘उभी रेघ किंवा ओळीचा शेवट येईपर्यंत जे असेल ते’ अशी नावाची व्याख्या करा. देवनागरी आकड्यांची मात्र चिंता नको; मजकुराचा आकडा करणाऱ्या ‘इंट’ला ‘१२’ समजतं.

आता कॉम्प्युटर बंद करून कागदावर लिहा :

फाइल → पट्टी (एक वा अधिक)
पट्टी → मथळा, वजन-ओळ (एक वा अधिक), कपात-ओळ (असली तर), निव्वळ-ओळ
कपात-ओळ → हमाली किंवा तोलाई किंवा उचल, मग रक्कम

नियम लिहिण्याची ही पद्धत अल्गोल ६० या प्रोग्रामिंग भाषेच्या १९६० च्या अहवालातली, बॅकस आणि नाऊर यांच्या नावाने चालते. १९६७ साली इंगरमन यांनी तिला पाणिनीचंही नाव द्यावं असं सुचवलं होतं. आपल्याला बरं वाटतं, पण त्याने पट्टी वाचली जात नाही.

पायथॉनसाठी ‘लार्क’ हा तयार पार्सर घ्या. त्यात नियमांची नावं छोट्या रोमन अक्षरांत आणि शब्दचिन्हांची (नियम ज्यांचे बनतात त्या मजकुराच्या सुट्या तुकड्यांची) मोठ्या रोमन अक्षरांत लागतात, तेव्हा वरच्या मराठी नावांना रोमन नावं द्यावी लागतील. लार्क आपणहून ‘अर्ली’ पद्धत वापरतो. ती संदिग्ध व्याकरणही खपवून घेते आणि दोन अर्थांतला एक स्वतःच उचलते. पैशाच्या कागदाला हे नको. त्याऐवजी ‘एलएएलआर’ ही दुसरी पद्धत मागून घ्या. आणि मोकळ्या जागा दुर्लक्षित करताना ‘नवी ओळ’ त्यात घालू नका, हे फार जण करतात. तुमच्या फाइलीत ओळ संपणं हेच विरामचिन्ह आहे.

पान उलटल्यावर पुन्हा छापला जाणारा मथळा आणि ‘मागील पानावरून’ ही ओळ पट्टीच्या नियमात कोंबू नका. त्यांना वेगळं शब्दचिन्ह द्या आणि दुर्लक्षित करा. त्यासाठी पुन्हा आलेल्या मथळ्यात काहीतरी वेगळं हवं, पान क्रमांक वगैरे. काहीच नसेल तर पार्सरकडे देण्याआधी साध्या कोडने तो काढून टाका. इथे रेग्युलर एक्स्प्रेशन खुशाल वापरा.

वजन गुणिले दर बरोबर येतं का, कपात जाऊन निव्वळ जुळते का, हे व्याकरण सांगणार नाही. पार्सरने पट्टीचं झाड (भाग-उपभागांची मांडणी) तयार केल्यावर ते वेगळं तपासा. दर क्विंटलचा आणि वजन किलोत असेल तर शंभराने भागायला विसरू नका.

सुरुवातीला पुष्कळ पट्ट्या अडकतील. नियम सैल करायच्या आधी त्या दिवाणजींना दाखवा. ‘उचल’च्या जागी कुणी ‘ॲडव्हान्स’ लिहिलंय की ओळ खरंच चुकलीय, हे त्यांना एका नजरेत कळतं. दिवाळी पाडव्याला गुळाचे सौदे निघाले की त्यांना मान वर करायला वेळ नसतो, म्हणून हे त्याआधीच उरका.