मोबदल्याची मुदत गेली म्हणता, ती नेमकी कोणती?

तुमचा प्रश्न असा की आजोबांची जमीन पाझर तलावात गेली, ते वारले, अर्ज वेळेत झाला नाही, तर आता सगळं बुडालं का? आमच्या घरातही हेच घडलं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

निवाड्यात (भूसंपादन अधिकाऱ्याच्या मोबदला ठरवणाऱ्या आदेशात) ठरलेली रक्कम कुणी उचललीच नसेल, तर मुदत टळली म्हणून ती जात नाही. वारस नोंदीचा फेरफार करून घ्या आणि दिवाणी कोर्टातून वारस प्रमाणपत्र काढा. ती रक्कम भूसंपादन कार्यालयाने कोर्टात भरलीय का, हेही विचारा.

मुदत असते ती वाढीव मोबदल्याला. १८९४ च्या जुन्या भूसंपादन कायद्यात कलम १८ खाली, निवाड्याच्या वेळी हजर असाल तर सहा आठवडे. नसाल तर नोटीस मिळाल्यापासून सहा आठवडे किंवा निवाड्यापासून सहा महिने, यातलं आधी संपेल ते. उशीर माफ करायचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना नव्हता. १ जानेवारी २०१४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात (कलम ६४) मुदती त्याच आहेत, पण सबळ कारण दाखवलं तर पुढे आणखी एक वर्ष अर्ज घेता येतो.

आमच्या सातबाऱ्यावर आजोबांचंच नाव राहिलं होतं. नोटीस त्यांच्या नावे निघाली, तेव्हा त्यांना जाऊन तीन वर्षं झाली होती. बजावणी अहवालाची नक्कल काढली तर त्यात लिहिलेलं, 'घराच्या दारास चिकटवली'. त्या घरात तेव्हा कुणीच राहत नव्हतं. वडील तो कागद हातात धरून कितीतरी वेळ नुसते बसून होते. म्हणून सांगतो, नोटीस कुणाला आणि कशी बजावली ते आधी तपासा. निवाडा पक्षकाराला कळला, निदान कळायला हवा होता, तिथून सहा महिने मोजायचे, हे सुप्रीम कोर्टाने १९६१ सालीच सांगितलंय.

आमचा कलम १८ चा अर्ज मुदतबाह्य म्हणून फेटाळला गेला. तारलं ते कलम २८-अ ने (नव्या कायद्यात कलम ७३). जमीन घेण्याच्या त्याच सरकारी अधिसूचनेतल्या दुसऱ्या शेतकऱ्याला कोर्टाने वाढीव दर दिला, तर ज्यांनी कलम १८ खाली अर्ज केलेला नाही त्यांनाही तो मागता येतो, निकालापासून तीन महिन्यांत. मुदतबाह्य म्हणून फेटाळलेला अर्ज हा कलम १८ खाली अर्ज केलाच नाही असाच धरतात, हे सुप्रीम कोर्टाने २००२ साली सांगितलंय, म्हणून हा रस्ता उरला. आमच्या एका शेजाऱ्याचा असा निकाल आधी लागला होता, पण तो आम्हाला उशिरा कळला, तीन महिने निकालाच्या तारखेपासूनच धरतात, त्यामुळे तो हुकला. पण सुप्रीम कोर्टाच्या १९९५ च्या प्रदीप कुमारी निकालानुसार नंतरचा, जास्त दराचा निकालही आधार धरता येतो. पुढे त्याच अधिसूचनेतल्या दुसऱ्या गट नंबरच्या जमिनीचा तसा निकाल लागला. आम्ही अर्ज दिला तेव्हा १०१ दिवस झाले होते. निकालाची नक्कल मिळण्यात गेलेले २३ दिवस मोजणीतून वजा झाले आणि अर्ज मुदतीत बसला.

तेव्हा निवाड्यातली अधिसूचनेची तारीख बघा, त्याच तलावात गेलेल्या शेतकऱ्यांची नावं काढा आणि ती ई-कोर्ट्स या कोर्टांच्या संकेतस्थळावर शोधा. निकाल सापडला तर नक्कलेचा अर्ज त्याच दिवशी टाका. नक्कल हातात आली की मागचा शिक्का वाचा. अर्ज कधी दिला, नक्कल कधी तयार झाली, त्या तारखा तिथेच असतात.