वाचकांचे प्रश्न : पेनिसिलिन अमिबावर का चालत नाही?

प्रश्न : जिवाणू एकपेशीय आणि अमिबाही एकपेशीय. मग पेनिसिलिन फक्त जिवाणूंनाच कसे मारते? आणि मेट्रोनिडाझोल दोघांवर कसे चालते?

उत्तर : पेशी एकच असली तरी दोघांची घडण फार वेगळी आहे. जिवाणूला केंद्रक नसते, त्याचा डीएनए पेशीद्रवातच असतो. आमांशाचा अमिबा, जिआर्डिया, हिवतापाचा प्लास्मोडियम यांचे केंद्रक पटलाने वेढलेले असते. म्हणजे पेशी म्हणून हे परजीवी जिवाणूंपेक्षा आपल्याच जवळचे, आणि म्हणूनच त्यांना मारून आपल्या पेशींना धक्का न लावणारे औषध शोधणे अवघड जाते.

बहुतेक जिवाणूंभोवती पेप्टिडोग्लायकनची भित्तिका असते. पेनिसिलिन तिचे धागे एकमेकांना जोडणारे विकर बंद पाडते. वाढत्या जिवाणूची भित्तिका कमकुवत होते, पाणी आत शिरते आणि पेशी फुटते. अमिबाला ही भित्तिकाच नाही. मायकोप्लाझ्मा जिवाणू असूनही पेनिसिलिनला दाद देत नाही, त्याचेही कारण हेच.

प्रथिने तयार करणारे रायबोसोमही वेगळे : जिवाणूंचे ७०एस, परजीवींच्या पेशीद्रवातले ८०एस (हे आकडे त्यांच्या आकारमानाचे निदर्शक). टेट्रासायक्लिन गटाची औषधे ७०एस रायबोसोमला अडवतात. तरीही त्यातले डॉक्सिसायक्लिन हिवतापात उपयोगी पडते, कारण प्लास्मोडियममध्ये अ‍ॅपिकोप्लास्ट नावाचे अंगक असते आणि त्याचे रायबोसोम जिवाणूंच्या धर्तीचे असतात. हा परिणाम मात्र परजीवीच्या पुढच्या पिढीत दिसतो, म्हणून उपचारात हे औषध एकटे देत नाहीत.

मेट्रोनिडाझोल पेशीची घडण पाहत नाही. ते पेशीत शिरते तेव्हा निष्क्रिय असते. ऑक्सिजनविना जगणाऱ्या पेशीतील फेरेडॉक्सिनसारखी प्रथिने त्याला इलेक्ट्रॉन देतात, तेव्हा ते सक्रिय होऊन डीएनए तोडते. अमिबा, जिआर्डिया आणि विनॉक्सी जिवाणू तिघांतही ही सोय आहे. अमिबाच्या पुटींवर (कवचात बंद झालेल्या सुप्त अवस्थेवर) मात्र ते भरवशाचे नाही. त्यामुळे मेट्रोनिडाझोलनंतर डायलॉक्सानाइड फ्युरोएटसारखे आतड्यातच काम करणारे औषध द्यावे लागते. हा दुसरा टप्पा टाळला की आजार उलटू शकतो. डॉक्टरांनी दोन औषधे लिहिली असतील तर दोन्ही पूर्ण करा.

प्रश्न : मलतपासणीला ताजाच नमुना का मागतात?

उत्तर : पातळ मलातला जिवंत अमिबा शरीराबाहेर लवकर मरतो. असा नमुना अर्ध्या तासाच्या आत तपासायला हवा. डब्यात लघवी मिसळली तरी तो मरतो. सलाइनच्या थेंबात त्याची हालचाल दिसते. आयोडीनमध्ये ती थांबते, पण पुटीतली केंद्रके स्पष्ट होतात : एन्टअमिबा हिस्टोलिटिकाच्या पक्व पुटीत ४, निरुपद्रवी एन्टअमिबा कोलायच्या पुटीत बहुधा ८. अमिबा साधारण १५ ते २० मायक्रॉनचा, त्यामुळे ४०च्या भिंगाखाली ओळखू येतो. ई. कोलाय जिवाणू जेमतेम २ मायक्रॉनचा असतो. त्याला ग्रॅम रंजन (जिवाणू रंगवण्याची पद्धत) आणि तेलातले १००चे भिंग लागते. पुटी रोज बाहेर पडतातच असे नाही, म्हणून एक नमुना कोरा आला तरी १० दिवसांत वेगवेगळ्या दिवशी ३ नमुने द्यावेत.